खालच्या सळ्या

तासगावच्या बाहेर, विटा रस्त्याला,
शिरोटेअण्णांच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजचा दुसरा मजला.
सकाळी सहाला मिक्सर लागणार,
आणि आदल्या संध्याकाळी पावणेसातला
मी बीमच्या पेटीत वाकून टॉर्च मारते.

रिंगा ठीक. कव्हर ब्लॉक ठीक.
वरच्या सळ्या कॉलमात खोल शिरून
शिस्तीत खाली वळलेल्या.
खालच्या, सोळाच्या चार,
कॉलमच्या आत जेमतेम दोन बोटं.
उंबऱ्यावर पाय ठेवून
आत न येता बोलणाऱ्या पाहुणीसारख्या.

"दस्तगीरभाई, हे काय?"

दस्तगीर शिकलगार, मिरजेचे. दातांत तारेचा तुकडा.
तो काढून म्हणाले,
"मॅडम, खालचा ताण मधी असतोय. टोकाला शून्य.
मागच्या साइटवर तुम्हीच चित्र काढून दावलं की,
फळीवर, खडूनं.
शून्यात सळई कशाला घालू?"

खरंच काढलं होतं मी ते चित्र.
पोट सुटल्यासारखी मध्ये उतरलेली रेघ,
दोन्ही टोकांना मिटलेली.
आता त्या रेघेत काय नव्हतं ते सांगायचं होतं:
की टोकाशी भेग तिरपी येते,
आधाराच्या कडेपासून निघून वर चढत जाते,
आणि तिला खालून शिवून धरायला
या चौघींशिवाय कुणी नसतं;
की सळई काँक्रीटला धरते ती
इंचाइंचानं, एकदम नाही,
दोन बोटांत ती काय धरणार.
आत अडीचशे एमएम तरी हवी, आणि वर एल.

ते ऐकत होते. पटत नव्हतं.
मग त्यांनीच विचारलं,
"म्हंजे लंगोटासारखं?"

बिराप्पा फिस्सकन हसला. मी टॉर्च विझवला.

"सतारीचा वो, मॅडम.
मामाचं दुकान हाय सतारमेकर गल्लीत.
भोपळ्याच्या बुडाशी हाडाचा असतोय.
तार वाजती घोडीच्या अलीकडं.
पर घोडीपाशीच तोडली तर?
पलीकडं, जिथं ती वाजतच न्हाई,
तिथं बांधावी लागती."

थोडा वेळ स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिले.
"बिराप्पा, हॅलोजन लाव."

अठरा टोकं. टोकाला चार. बहात्तर नव्या एल,
जुन्या सळईला बीममध्ये आठशेचा जोड.
कॉलमच्या उभ्या सळ्यांची ती दाटी,
तिच्यातून वाकडी सळई आत घालणं म्हणजे
जाड हातात लहान मापाची बांगडी.
चौदाव्या टोकाला बिराप्पाचं नख फुटलं.
"आयला," एवढंच म्हणून
त्यानं अंगठा तोंडात धरला.
एकच्या सुमाराला अण्णांचा चहा आला,
गार, पाकासारखा गोड. अण्णा आले नाहीत.
सव्वाचारला मी शेवटचं टोक मोजलं: दोनशे साठ.
साडेनऊपर्यंत सगळं राखाडी झालं.

दस्तगीरभाईंच्या बिलात
त्या रात्रीची एकच ओळ होती.
जादा बांधणी तार, अडीच किलो.
अण्णांनी तिच्यावर बोट ठेवलं. "ही कुठं दिसती?"
"दिसत न्हाई," ते म्हणाले, नोटा मोजत.

एप्रिलात मी सहज गेले.
आत चार डिग्री. पंधरा-पंधरा किलोच्या पेट्या
एकीवर एक, पार छतापर्यंत.
बीम जिथे कॉलमला मिळतो
तिथे तळवा टेकवून उभी राहिले.
गार लागलं. दुसरं काही कळण्यासारखं नव्हतंच.

निघताना अण्णांनी मूठभर बेदाणा हातावर ठेवला.
एकाला देठ तसाच राहिला होता,
मशीनमधून कसा कोण जाणे निसटलेला.
दातांत धरून ओढून पाहिला.
पहिल्या ओढीला आला नाही.